‘केस’ : एका शब्दाचा व्यवहार

काही वर्षांपूर्वी हेमलकशाला जाण्याचा योग आला. सोबत एम. ए.च्या वर्गातील चारपाच विद्यार्थी होते. आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर चहाच्या एका टपरीपाशी थांबलो असताना एका जीपचालकाचे वाक्य कानी पडले. लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात कोणाला तरी पोहोचवून तो परतला होता. टपरीवाल्याला त्याने सांगितले, ‘अस्वलाची केस होती.’ टपरीवाल्याने मान हलवून चहा पुढे केला. शहरात वाढलेल्या एका विद्यार्थिनीने हसू आवरत मला विचारले, ‘सर, अस्वलाची केस की अस्वलाचे केस?’ थोड्या वेळाने आम्हांला कळले की मोहफुले वेचायला पहाटे निघालेल्या एका माणसाचा चेहरा अस्वलाने फाडला होता. मग कोणी हसले नाही.

परतीच्या वाटेवर मात्र ते वाक्य माझ्या मनातून जाईना. अस्वल त्या वाक्यात आहे, क्रियापद आहे, इंग्रजीतून आलेला एक शब्द आहे. ज्याचा चेहरा फाटला तो माणूस कोठे आहे? तो त्या इंग्रजी शब्दाच्या पोटात आहे. त्याला नाव नाही, लिंग नाही, वय नाही. आणि षष्ठीचा प्रत्यय, जो एरवी मालकी किंवा नाते दाखवतो, तो लागला आहे अस्वलाला. ‘अस्वलाची शिकार’ म्हटले तर अस्वल शिकार होते. ‘अस्वलाची केस’ म्हटले तर अस्वल शिकारी होते. दोन्ही वाक्ये मराठी माणूस न अडखळता समजतो. यात जीपचालकाचा दोष काढण्याचा प्रश्न नाही. त्याने त्या जखमी माणसाला खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावरून दवाखान्यात आणले होते. भाषेची चिकित्सा करणारे आम्ही त्या वेळी चहा पीत होतो.

तरीही प्रश्न उरतोच. माणसाला ‘केस’ म्हटल्याने त्याचे काही बिघडते काय? बिघडत असेल तर ते त्या शब्दाने बिघडते, की वाक्यात त्या शब्दाच्या आजूबाजूला जे घडते त्याने? मानवतावादी समीक्षेत या प्रश्नाचे एक तयार उत्तर आहे : ‘केस’ हा शब्द माणसाचे वस्तूकरण करतो, सबब तो निंद्य आहे. हे उत्तर मला फार सोपे वाटते. प्रस्तुत लेखात मी त्याच्याशी काहीसा वाद घालणार आहे. आणि हा वाद अंशतः स्वतःशीही आहे, हे पुढे स्पष्ट होईल.

प्रथम या शब्दाचा मराठी संसार पाहू. सरकारी दवाखान्यात शिरणाऱ्या प्रत्येक माणसाने पहिले वाक्य ऐकलेले असते ते ‘केसपेपर काढला का?’ हे. डॉक्टर म्हणतात, ‘ही पोलीस केस आहे, आधी तिकडे कळवा.’ परिचारिका म्हणते, ‘रात्री दोन डिलिव्हरीच्या केसेस झाल्या.’ वकील म्हणतो, ‘केस बोर्डावर आहे.’ पक्षकार म्हणतो, ‘भावाने माझ्यावर केस टाकली.’ परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी म्हणतात, ‘स्क्वॉडने त्याच्यावर कॉपी केस केली.’ कट्ट्यावर एखाद्या विक्षिप्त इसमाबद्दल म्हणतात, ‘तो म्हणजे एक केसच आहे.’ आणि हल्ली शहरी बोलण्यात ‘इन केस पाऊस आलाच तर’ असे दुहेरी विणीचे वाक्यही ऐकू येते. त्यात ‘तर’ असतानाही ‘इन केस’ लागते. (सूटकेसमधील केस मात्र वेगळी. तिचे लॅटिन मूळ पेटी या अर्थाचे आहे. इंग्रजीतही हे दोन निरनिराळे शब्द योगायोगाने एकरूप झालेले आहेत.)

मराठीने हा शब्द घेतला तो स्त्रीलिंगी करून. त्यामुळेच ‘केस गेले’ आणि ‘केस गेली’ यांत घोटाळा होत नाही. ज्या शब्दांच्या जागी तो आला असे आपण मानतो त्यांची लिंगे पाहिली तर गंमत दिसते. दावा, खटला, कज्जा हे पुल्लिंगी, प्रकरण नपुंसकलिंगी, रुग्ण पुल्लिंगी. यांपैकी कोणाचेही लिंग ‘केस’ने उचललेले नाही. तिची सोबत जुळते ती ‘बाब’, ‘गोष्ट’, ‘फिर्याद’, ‘तक्रार’ यांच्याशी. न्यायालय आणि दवाखाना या दोन दारांतून शब्द आत आला, पण मराठी कानाने त्याला बसवले ते ‘गोष्टी’च्या पंक्तीला, असे मला वाटते. आणि ज्याची गोष्ट असते त्याला ती सांगता येते, निदान यावी, अशी आपली अपेक्षा असते. ‘केस’च्या बाबतीत ही अपेक्षा पुरी होते का, हे पाहावे लागेल.

भाषाशुद्धीचा पुरस्कार करणारे आपल्याला ‘प्रकरण’ हा पर्याय सुचवतात, आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतरच्या शासकीय मराठीत तो चांगला रुळलाही. या शब्दाची वंशावळ मोठी आहे. मीमांसकांच्या मते वाक्यांचा विनियोग ठरवणाऱ्या सहा प्रमाणांपैकी प्रकरण हे एक. तेथे त्याचा अर्थ संदर्भ. नाट्यशास्त्रात ज्याचे कथानक कविकल्पित असते ते नाटक म्हणजे प्रकरण. ‘मृच्छकटिक’ हे त्याचे ठळक उदाहरण. छापील पुस्तकात प्रकरण म्हणजे एक भाग, ज्याच्या आधी आणि नंतर काही असते. आणि गावगप्पांत प्रकरण म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. या सर्व अर्थांत एक गोष्ट समान आहे : प्रकरण कधी एकटे नसते. त्याला मागचेपुढचे असते. ‘केस’चे नेमके उलटे आहे. केस होते ती मागचेपुढचे तोडून. अस्वल, चेहरा, टाके. अथवा साग, कुऱ्हाड, पंचनामा. म्हणून ‘केस’च्या जागी ‘प्रकरण’ लिहिल्याने शब्द शुद्ध होतो, व्यवहार बदलत नाही. फायलीवर ‘प्रकरण क्रमांक’ लिहिला तरी आत केसच असते.

व्यवहार हा शब्द येथे मी जाणून वापरतो. धर्मशास्त्रात व्यवहार म्हणजे न्यायालयीन वाद. नीलकंठ भट्टाचा ‘व्यवहारमयूख’ हा त्याच विषयावरचा ग्रंथ. ‘मृच्छकटिका’च्या ज्या नवव्या अंकात चारुदत्तावर खुनाचा आरोप येतो त्या अंकाचे नावही ‘व्यवहार’ असेच आहे. मराठीत मात्र व्यवहार म्हणजे रोजचे देणेघेणे, रोजची वागणूक. एका शब्दाचा रोजचा व्यवहार पाहणे आणि त्या शब्दाने माणसांचा जो व्यवहार होतो तो पाहणे ही दोन कामे म्हणूनच मला वेगळी वाटत नाहीत.

आता प्रत्ययांकडे वळू. माझ्या मते खरा प्रश्न तेथेच आहे. मराठी वाक्यात माणूस आणि केस यांचा संबंध मुख्यतः तीन प्रकारे येतो. ‘तिची केस’ या रचनेत माणसाला षष्ठी लागते आणि केस त्याची होते. ‘त्याच्यावर केस’ या रचनेत ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय येते. केस वरून पडते, माणूस खाली असतो. ‘तीन केसेस आल्या’ या रचनेत माणूस स्वतःच केस होऊन प्रथमेत उभा राहतो. प्रत्ययच उरत नाही, कारण ज्याला प्रत्यय लावायचा तो वेगळा उरलेला नसतो. आणि या तिसऱ्या प्रकाराला जेव्हा षष्ठी परत मिळते तेव्हा ती माणसाकडून नव्हे तर कारणाकडून मिळते : मलेरियाची केस, सापाची केस, अस्वलाची केस. पाणिनीने षष्ठीला कारकांत जागा दिली नाही. इतर विभक्तींनी सांगून झाल्यावर जे संबंध उरतात त्यांची ती विभक्ती. उरलेल्यांची विभक्ती कोणाला मिळते आणि कोणाकडून काढून घेतली जाते, हा प्रश्न व्याकरणाइतकाच नीतीचाही आहे.

विभक्तीचा विषय मी ओढूनताणून आणलेला नाही. इंग्रजीत विभक्तीलाही ‘केस’च म्हणतात. ग्रीक वैयाकरणांनी नामाच्या रूपांना ‘पडणे’ या अर्थाचा शब्द वापरला. लॅटिनमध्ये त्याचे भाषांतर ‘कासुस’ झाले, आणि दवाखान्यातील केस, न्यायालयातील केस, व्याकरणातील केस या तिन्ही त्या एका पडण्यातूनच निघाल्या. जे अंगावर येऊन पडते ते, घडून येते ते. विटगेनस्टाइनच्या १९२१ मधील ‘ट्रॅक्टेटस’च्या पहिल्याच विधानात, जेथे जग म्हणजे काय हे सांगायचे आहे तेथे, इंग्रजी भाषांतरकारांनी हाच शब्द योजला, मूळ जर्मन शब्दही ‘पडणे’ याच धातूचा. आपल्याकडे ‘आपत्ती’ हा शब्द याच कल्पनेच्या जवळचा. गोरग्याच्या झाडावरून पडून पाठीचा कणा मोडलेला माणूस भामरागड परिसरातून दवाखान्यात येतो तेव्हा ‘झाडावरून पडलेली केस’ म्हणून त्याची नोंद होत असेल, तर त्या नोंदीत एकच गोष्ट दोनदा सांगितलेली असते. सांगणाऱ्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

जंगलाच्या मुलखात या तीन रचनांपैकी दुसरीचे राज्य दीर्घकाळ होते. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव जंगलात परवानगीवाचून झाड तोडणे, गुरे चारणे, जमीन साफ करून कसणे हे गुन्हे. जंगल जाळून राखेत धान्य पेरणारी फिरती शेती ज्यांची पिढ्यान्पिढ्यांची रीत, त्या माडियांना एका सकाळी आपली शेती हा गुन्हा असल्याचे कळले. कळले ते कायदा वाचून नव्हे, तर ‘केस लागली’ म्हणून. हे क्रियापद पाहण्यासारखे आहे. मराठीत नजर लागते, भूत लागते, आग लागते, रोग लागतो. करणारा दिसत नाही, भोगणारा तेवढा दिसतो. लागलेली केस मग ‘काढून टाकावी’ लागते, जशी बाधा काढतात. आणि काढणाऱ्याला कोंबडे द्यावे लागते. विनोद म्हणून हे लिहीत नाही. विलास मनोहर हे हेमलकशाला कार्यकर्ते म्हणून राहिलेले लेखक. त्यांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या कादंबरीत माडिया तरुणाची जी वाटचाल येते तिच्यात जंगलखात्याच्या आणि व्यापाऱ्यांच्या या देण्याघेण्याचे चित्रण सविस्तर आहे. त्या कादंबरीचे शीर्षक मला नेहमी विचार करायला लावते. पोलीस ठाण्याच्या लेखी ‘नक्षल केस’ असते. तिला कलम असते, तारीख असते, जन्म नसतो. कादंबरीकाराने केसला जन्म दिला, म्हणजे तिला मागचे दिले. फ्रॉइडने १८९५ मध्ये आपण लिहिलेल्या रुग्णांच्या हकिकती लघुकथांसारख्या वाचल्या जातात याबद्दल काहीशी दिलगिरी व्यक्त केली होती. वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्या दिलगिरीचे कारण कळत नाही, पण तिची जात ओळखता येते.

पुढे १९८७ चा टाडा कायदा आला. १९९५ मध्ये तो संपुष्टात येईपर्यंत गडचिरोली जिल्ह्यातील आदिवासींवरही तो लागला. ‘वर’ या अव्ययाचे वजन त्या वर्षांत आणखी वाढले. याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थांबतो.

यावरून वस्तूकरणाचा सिद्धान्त सिद्ध झाला असे कोणी म्हणेल. मिशेल फूकोने १९७५ च्या ग्रंथात दाखवलेच आहे की तपासणी, नोंद आणि दप्तर या तंत्रांनी आधुनिक सत्ता प्रत्येक व्यक्तीला ‘केस’ बनवते. पूर्वी ज्याचे चरित्र लिहिले जाई तो थोर असे, आता ज्याचे टिपण होते तो नियंत्रणाखाली असतो. आपल्याकडील विद्यापीठांत हे विवेचन १९९० नंतर इतके पाठ झाले की दप्तर दिसले की आम्ही ‘सत्ता’ म्हणतो. पण पॅरिसच्या रुग्णालयांच्या इतिहासातून निघालेला हा निष्कर्ष भामरागड तालुक्याला जसाच्या तसा लावता येईल काय? डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ च्या अखेरीस सुरू झालेल्या प्रकल्पासाठी हेमलकशाला राहू लागले तेव्हा पावसाळ्यात हा मुलूख नद्यांच्या पुराने महिनोन्‌महिने तुटलेला असे. तेथे माणूस मलेरियाने मरत होता तो कोणाच्याही दप्तरात न मरता. त्याची केस झाली नव्हती. ज्याची केसच होत नाही तो स्वतंत्र असतो असे म्हणणे ही आमची, दप्तरात नीट नोंदल्या गेलेल्यांची, चैन आहे.

या संदर्भात गडचिरोली जिल्ह्यातीलच दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी त्यात होती. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक एक किंवा अधिक व्याधी होत्या, आणि पूर्वी कधीतरी तशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. रुग्णालयात जाऊन ‘केस’ होईपर्यंत व्याधी मोजलीच जात नव्हती. म्हणून शास्त्राच्या लेखी ती जवळजवळ नव्हती. त्या स्त्रिया दुखणे सोसत होत्या, बहुधा आपापसांत बोलतही असतील, पण ‘तिची केस’ हे वाक्य कोणी उच्चारलेले नव्हते. येथे केस होणे हे माणसाचे वस्तू होणे नव्हे. ते दुखण्याला पहिल्यांदा नाव मिळणे आहे.

शिवाय ‘केस’मध्ये एक सद्गुण दडलेला आहे, आणि तो आपण सहसा मान्य करत नाही : समदृष्टी. डॉक्टरपुढे आलेली जखम सावकाराची की कुळाची हे न पाहता टाके घालायचे असतील, तर काही क्षण तरी त्याला केस पाहावी लागते, माणूस नव्हे. न्यायाधीशाचेही तेच. मार्टिन बूबरच्या ‘मी आणि तू’ या भाषेत बोलणे सुंदर आहे, परंतु मध्यरात्री रक्त थांबवणाऱ्याने प्रत्येकाशी ‘तू’चे नाते जोडावे अशी मागणी रुग्णाच्याही हिताची नाही. युरोपात एकेका केसवरून नीती ठरवण्याच्या पद्धतीची पास्कालने १६५६-५७ मधील पत्रांत एवढी टर उडवली की पुढे तीन शतके ती बदनाम राहिली. जॉन्सेन आणि टूल्मिन यांनी १९८८ मध्ये तिची बाजू पुन्हा मांडली. सामान्य नियम विशिष्ट प्रसंगाला पुरा पडत नाही हे ॲरिस्टॉटललाही ठाऊक होते. आपल्या परंपरेतील आपद्धर्म हा याच जातीचा विचार. शांतिपर्वात दुष्काळात भुकेने व्याकूळ झालेला विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याचे मांस चोरू पाहतो आणि दोघांचा दीर्घ वाद होतो. हे आख्यान आम्ही आपद्धर्माचे उदाहरण म्हणून शिकवतो. ते शिकवताना एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली : केस विश्वामित्राची आहे. ज्याच्या घरातले अन्न जाणार त्याला त्या आख्यानात नावही नाही, आणि दुष्काळ तर त्याच्याही घरी होता.

येथे मला स्वतःविषयी काही सांगणे भाग आहे. फार वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या परीक्षेतील गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या समितीवर मी सदस्य होतो. आमच्यापुढे एका दुपारी पंधरावीस ‘केसेस’ असत. चहा येईपर्यंत निम्म्या संपवायच्या असा आमचा अलिखित संकेत होता. त्यांपैकी एका दिवशीच्या दोन मला आठवतात. एक मुलगा भामरागड तालुक्यातला होता. हे मला त्याच्या अर्जावरील पत्त्यावरून आठवते, नाव आठवत नाही. त्याच्या खिशात मार्गदर्शकातून फाडलेली पाने सापडली होती. त्याने कबुली दिली होती. आम्ही विचारले, ‘काही म्हणायचे आहे?’ तो काही बोलला नाही. नियमानुसार दोन परीक्षांची बंदी झाली. तीन मिनिटे लागली असतील. दुसरा मुलगा ‘अमक्यांचा मुलगा’ होता. त्याच्याही खिशात पाने सापडली होती, त्यानेही कबुली दिली होती. परंतु त्याच्याबद्दल आदल्या दिवशी दूरध्वनी आला होता : घरी आजारपण आहे, मुलगा तसा नाही, एकदाची चूक. ते सगळे खरेही असावे. समितीत चर्चा झाली, वीस मिनिटे झाली, आणि समज देऊन त्याला सोडण्यात आले. दोन्ही कागदांवर माझी सही आहे.

बरीच वर्षे मी स्वतःला असे सांगत होतो की आम्ही पहिल्या मुलाला ‘केस’ समजलो ही आमची चूक. आता तसे वाटत नाही. पहिल्या मुलाच्या बाबतीत आम्ही नियम नीट लावला. त्याला केस समजण्यात स्वतंत्रपणे काही अन्याय नव्हता. अन्याय झाला तो दुसऱ्या मुलाला केस न समजण्यात, आणि तो दुसऱ्यावर नव्हे तर पहिल्यावर झाला. एकाच दुपारी, एकाच टेबलावर, एकाची केस राहिली आणि दुसऱ्याचे प्रकरण झाले. दुसऱ्याला मागचेपुढचे मिळाले, कारण त्याला षष्ठी होती, ‘कोणाचा मुलगा?’ या प्रश्नाला समितीला ठाऊक असलेले उत्तर होते. पहिला मुलगाही कोणाचा तरी होताच. पण त्याचा बाप ज्यांना ठाऊक होता ती माणसे दूरध्वनी करणारी नव्हती. आणि ‘काही म्हणायचे आहे?’ हा आमचा प्रश्न आम्ही ज्या मराठीत विचारला ती त्याची शाळेतील भाषा होती, घरची नव्हे. माडिया ही द्राविड कुळातील, गोंडीच्या गटातील भाषा. मराठीशी तिचा सांधा जुळत नाही. मी मराठीचा प्राध्यापक असून हे त्या वेळी माझ्या ध्यानात येऊ नये, याचे स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही.

तेव्हा ‘केस’ म्हणणे गैर आहे का, हा प्रश्नच मला आता चुकीचा मांडलेला वाटतो. सर्वांना केस म्हणा, किंवा सर्वांचे प्रकरण ऐका; दोन्हींत काही एक न्याय आहे. पहिल्याला कांट मान देईल, दुसऱ्याला ॲरिस्टॉटल. प्रत्यक्षात समाज दोन्ही एकदम वापरतो, आणि कोणाला कोणते मिळणार हे शब्दकोशात लिहिलेले नसते. ‘अस्वलाची केस’ या वाक्यात जी षष्ठी अस्वलाकडे गेली ती परत मागता येते का, ‘अस्वलाची, पण कोणाची?’ असे कोणी विचारले तर सांगायला कोणी आहे का, यावर बरेच अवलंबून आहे. त्या दिवशी हेमलकशाच्या दवाखान्याच्या ओट्यावर जखमी माणसाची सारी नातलग मंडळी बसून होती, चूल मांडायच्या तयारीत. तेथे उत्तर होते. आमच्या समितीच्या खोलीत नव्हते.

रचना बदलू शकते याचा एक पुरावा अलीकडच्या काळाने दिला आहे, आणि तो कवीलाही सुचला नसता असा आहे. २००६ चा वनहक्क कायदा हा पूर्वीच्या अन्यायाची कबुली देऊनच सुरू होतो. जंगलजमिनीवर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताबा असल्याचे दाखवता आले तर तिच्यावर हक्क मागता येतो. पण ज्याला सातबारा कधी मिळालाच नाही तो ताबा दाखवणार कशाने? नियमांनी गावातील वृद्धांचे निवेदन ग्राह्य धरले, हे उचितच. त्याबरोबर न्यायिक आणि अर्धन्यायिक अभिलेखही पुराव्यात धरले. यातून एक विलक्षण गोष्ट घडली. अमुक साली अमुक ठिकाणी अतिक्रमण केले म्हणून ज्याच्यावर केस झाली होती, त्याच्या दृष्टीने ती केसच आता पुरावा ठरली. जंगलखात्यानेच लिहून ठेवले होते की हा माणूस त्या साली त्या जमिनीवर होता. दंडाच्या पावत्या महाराष्ट्रात ठिकठिकाणी दाव्यांना जोडल्या गेल्या. ‘त्याच्यावर केस’ हिची ‘त्याची केस’ झाली. वकिली भाषेत ‘आमची केस अशी आहे’ असे म्हणतात तेव्हा केस म्हणजे आपली बाजू, आपले म्हणणे. तो अर्थ जंगलातल्या माणसापर्यंत पोहोचायला एवढा काळ लागला, आणि पोहोचला तो शिक्षेच्या कागदावरून. फूकोच्या दप्तराने हे भाकीत केलेले नव्हते.

अर्थात पावती जपून ठेवली असेल तरच. ज्यांनी कोंबडे देऊन केस काढून टाकली त्यांच्याजवळ पावती नव्हती.

त्याच मुक्कामात संध्याकाळी एका म्हाताऱ्या गृहस्थांशी बोलणे झाले. जखमी माणसाचे ते कोणीतरी नात्यातले. मधे दुभाष्याचे काम प्रकल्पाच्या शाळेत शिकलेल्या एका तरुणाने केले. बोलता बोलता म्हाताऱ्याने कमरेची प्लॅस्टिकची पिशवी सोडून आतले कागद दाखवायला काढले. रेशनकार्ड होते, दवाखान्याचे दोन जुने कागद होते, आणि घडीवर घडी पडून कापडासारखी मऊ झालेली दंडाची एक पावती होती. साल वाचता येत नव्हते. तरुणाने त्यांना माडियात काही विचारले. उत्तरातला एकच शब्द मला समजला, कारण तो माझ्या ओळखीचा होता, आणि तो त्यांनी प्रत्येक कागदावर बोट ठेवत तीनदा उच्चारला. रेशनकार्डावर बोट ठेवले तेव्हा मात्र ते थांबले, तरुणाकडे पाहिले, आणि ते कार्ड बाजूला काढून त्यांनी पिशवीत वेगळे ठेवले.